चालत्या प्रारंभाच्या शर्यतीतील गिअरबॉक्स : हस्तचलित की स्वयंचलित?

प्रस्तावना :

मोटार शर्यतींविषयी मराठीत जे काही लेखन होते, त्यात बहुधा फॉर्म्युला वन हाच प्रकार डोळ्यांसमोर असतो. तेथे गाड्या आपापल्या जागी उभ्या राहतात, लाल दिवे विझतात आणि सर्व गाड्या एकाच वेळी शून्य वेगापासून झेपावतात. त्यामुळे गिअरबॉक्सची चर्चा निघाली की ती क्लच सोडण्याच्या कसबापाशी येऊन थांबते. परंतु स्पोर्ट्स कारच्या शर्यती, उदाहरणार्थ फ्रान्समधील ले मान्सची २४ तासांची शर्यत, अशा सुरू होत नाहीत. तेथे गाड्या आधीपासूनच धावत असतात आणि धावता धावताच शर्यत सुरू होते. या पद्धतीला रोलिंग स्टार्ट म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘चालता प्रारंभ’ हा शब्द वापरला आहे.

हस्तचलित गिअरबॉक्स चांगला की स्वयंचलित, हा वाद रस्त्यावरील गाड्यांच्या बाबतीत जुनाच आहे. शर्यतीच्या मैदानावर, त्यातही चालत्या प्रारंभाच्या वेळी, या वादाचे स्वरूप पूर्णपणे बदलते. ते कसे बदलते आणि त्यामागे पदार्थविज्ञानाची कोणती साधी तत्त्वे आहेत, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न सदर लेखात केला आहे. लेखक पदार्थविज्ञानाचा अध्यापक असून शर्यतीचा चालक नाही, हे येथेच सांगितलेले बरे.

चालता प्रारंभ म्हणजे काय? :

महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत ४ × १०० मीटर रिले सर्वांनी पाहिलेली असते. पहिला धावपटू स्थिर अवस्थेतून सुटतो. दुसरा, तिसरा आणि चौथा मात्र बॅटन हातात येण्यापूर्वीच पळू लागलेले असतात. म्हणूनच चांगल्या संघाची रिलेची वेळ त्याच चार धावपटूंच्या १०० मीटरच्या स्वतंत्र वेळांच्या बेरजेपेक्षा कमी भरते. स्थिर अवस्थेतून वेग घेण्याचा खर्च तिघांना वाचतो. चालत्या प्रारंभात हा खर्च सर्वच गाड्यांना वाचतो.

प्रत्यक्षात घडते ते असे. गाड्या दोन-दोनच्या रांगांत सेफ्टी कारच्या मागे एक फेरी मारतात. फेरीच्या शेवटी सेफ्टी कार बाजूला होते आणि वेग ठरविण्याचे काम पहिल्या क्रमांकाच्या गाडीकडे येते. हिरवा दिवा लागताच सर्वजण पूर्ण जोर देतात. दिवा लागताच ओलांडण्याची मुभा असावी की आरंभरेषा पार केल्यावर, याविषयी निरनिराळ्या मालिकांचे नियम निरनिराळे आहेत.

ही पद्धत अमेरिकेत इंडियानापोलिस येथे १९११ च्या पहिल्या ५०० मैलांच्या शर्यतीपासून रूढ आहे. ले मान्सला ती बऱ्याच उशिरा आली. १९२५ पासून तेथे चालक रस्त्याच्या एका बाजूस आणि गाड्या दुसऱ्या बाजूस तिरप्या उभ्या असत. झेंडा पडताच चालकांनी पळत जाऊन गाडीत उडी मारायची आणि निघायचे. पुढे सुरक्षापट्टे आले तेव्हा ही पद्धत जीवघेणी ठरली, कारण घाईत पट्टा बांधायला कोणी थांबत नसे. १९६९ साली बेल्जियमचा जॅकी इक्स या प्रकाराचा निषेध म्हणून पळालाच नाही. तो शांतपणे चालत गाडीपर्यंत गेला, त्याने पट्टा बांधला आणि तो सर्वांत शेवटी निघाला. त्याच शर्यतीच्या पहिल्याच फेरीत जॉन वूल्फ हा चालक अपघातात मृत्युमुखी पडला. इक्स आणि जॅकी ऑलिव्हर यांच्या फोर्ड गाडीने ती शर्यत दुसऱ्या क्रमांकाच्या पोर्शेपेक्षा सुमारे १२० मीटरच्या अंतराने जिंकली. १९७० मध्ये चालकांना पट्टे बांधून गाडीत बसवूनच शर्यत सोडण्यात आली आणि १९७१ पासून चालता प्रारंभ आला. २०१२ मध्ये करुण चंडोक हा भारतीय चालक ले मान्सला सहाव्या क्रमांकावर आला, तोही अशाच चालत्या प्रारंभातून.

म्हणजे चालता प्रारंभ ही केवळ शोभेची प्रथा नाही. तिच्यामागे सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि गिअरबॉक्सचा विचार करतानाही तो विसरता येत नाही.

गिअरबॉक्सचे प्रकार :

इंजिन जे फिरवणारे बल, म्हणजे टॉर्क, निर्माण करते ते फेऱ्यांच्या एका ठरावीक पट्ट्यातच भरपूर असते. गाडीचा वेग मात्र शून्यापासून ताशी ३०० किलोमीटरपर्यंत बदलतो. या दोहोंची सांगड घालण्याचे काम गिअरबॉक्स करतो. येथपर्यंत सर्व गिअरबॉक्स सारखेच. फरक पडतो तो गिअर बदलताना.

हस्तचलित गिअरबॉक्समध्ये चालक उजवा पाय उचलतो, डाव्या पायाने क्लच दाबतो, हाताने दांडा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत नेतो, क्लच सोडतो आणि पुन्हा जोर देतो. या सर्व काळात इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटलेला असतो. कसलेला चालक हे काम सेकंदाच्या तीन-चार दशांशांत उरकतो.

स्वयंचलित गिअरबॉक्सचा पारंपरिक प्रकार टॉर्क कन्व्हर्टरवर चालतो. यात क्लचच्या जागी द्रवाने भरलेले एक भांडे असते. इंजिनाकडील पंखा द्रवाला फिरवतो आणि तो द्रव चाकांकडील पंख्याला फिरवतो. गाडी उभी असताना या दोन पंख्यांच्या वेगांत मोठा फरक असतो आणि त्या फरकातून टॉर्क सुमारे दुपटीपर्यंत वाढतो. हाच त्याचा मोठा गुण. पण गाडी वेगात आली की दोन्ही पंखे जवळपास सारख्याच वेगाने फिरू लागतात आणि ही वाढ संपते. चालत्या प्रारंभात गाडी उभी नसतेच. म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा सर्वांत मोठा गुण शर्यत सुरू होण्यापूर्वीच निकामी झालेला असतो. उभ्या प्रारंभातील स्वयंचलित गाडीचा अनुभव चालत्या प्रारंभाला लावणे ही मला सर्वांत जास्त आढळलेली चूक आहे.

तिसरा प्रकार दोन क्लचच्या गिअरबॉक्सचा. यात १, ३, ५ हे गिअर एका क्लचवर आणि २, ४, ६ हे दुसऱ्यावर असतात. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असतानाच तिसरा गिअर आतून लावून ठेवलेला असतो. बदलाच्या क्षणी एक क्लच सुटतो आणि त्याच वेळी दुसरा पकडतो, त्यामुळे चाकांवरील जोर जवळजवळ खंडित होत नाही. चौथा प्रकार खास शर्यतीचा, म्हणजे क्रमवार गिअरबॉक्सचा. यातील चक्रांना सौम्यपणे जुळविण्याची सिंक्रोमेशची सोय नसते. जाड दात खटकन एकमेकांत अडकतात. आवाज मोठा, झटका मोठा, पण बदल सेकंदाच्या पाच शतांशांच्या आसपास. आज स्टिअरिंगमागच्या पट्टीवर बोट दाबले की संगणक इंजिनाचा जोर क्षणभर तोडतो आणि हवेच्या दाबाने किंवा विजेच्या यंत्रणेने गिअर पडतो.

अर्ध्या गाडीचे गणित :

आता एक उदाहरण घेऊ. यातील आकडे कोणत्याही विशिष्ट गाडीचे नाहीत. गणित समजावे म्हणून ते धरले आहेत.

समजा, हिरवा दिवा लागतो तेव्हा गाड्यांचा वेग ताशी ९० कि.मी., म्हणजे सेकंदाला २५ मीटर आहे. इंजिनाची मर्यादा मिनिटाला ८००० फेऱ्यांची आहे. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी जास्तीत जास्त ताशी ११५ पर्यंत आणि तिसऱ्यात १६० पर्यंत जाऊ शकते. तर ९० च्या वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन सुमारे ६२५० फेऱ्यांवर असेल आणि तिसऱ्यात ४५०० वर. टॉर्क तोच धरला तरी दुसऱ्या गिअरमध्ये चाकांवर मिळणारा जोर तिसऱ्याच्या १.३९ पट असतो (१६० भागिले ११५). दुसऱ्या गिअरमधील त्वरण ५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर तिसऱ्यातील ३.६ येते. हवेचा विरोध येथे सोडून दिला आहे.

दुसऱ्या गिअरमध्ये सुटणारा चालक ११५ च्या मर्यादेपर्यंत साधारण १.४ सेकंदांत पोहोचतो. म्हणजे हिरवा दिवा लागून दीड सेकंद होत नाही तोच त्याला गिअर बदलावा लागतो, आणि नेमका हाच क्षण सर्व गाड्या एकमेकींच्या सर्वांत जवळ असण्याचा आहे. हस्तचलित गिअरबॉक्समध्ये या बदलाला ०.३ सेकंद लागले, तर तिसऱ्या गिअरच्या त्वरणाने मिळाला असता असा ०.३ × ३.६, म्हणजे १.०८ मीटर प्रति सेकंद इतका वेग हुकतो. क्रमवार गिअरबॉक्सवर ०.०५ सेकंदांत फक्त ०.१८ हुकतो. फरक ०.९ मीटर प्रति सेकंद. हा फरक पुढचे तीन सेकंद टिकला तर अंतर पडते २.७ मीटर.

२.७ मीटर म्हणजे किती? स्पोर्ट्स कारची लांबी साडेचार मीटरच्या आसपास असते. म्हणजे अर्ध्या गाडीपेक्षा थोडे जास्त. प्रेक्षकांना हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण पहिल्या वळणावर ब्रेक लावताना एका गाडीचे नाक दुसरीच्या मागच्या चाकापाशी आहे की दारापाशी, यावर वळण कोणाचे हे ठरते. अर्धी गाडी पुढे आलेल्याला आतली बाजू द्यावी लागते. शिवाय तिसऱ्यातून चौथ्यात जाताना हेच गणित पुन्हा एकदा घडते.

वर्गात हे उदाहरण सोडविताना एका विद्यार्थ्याने विचारले होते, “सर, मग हस्तचलित गाडीवाल्याने तिसऱ्यातच का सुटू नये? बदलच नको.” प्रश्न उत्तम होता आणि त्याचे उत्तर मला लगेच देता आले नाही. घरी येऊन आकडेमोड केली. दुसऱ्यात सुटणारा चालक पहिल्या १.४ सेकंदांत तिसऱ्यात सुटणाऱ्यापेक्षा जवळजवळ २ मीटर प्रति सेकंद अधिक वेग मिळवतो. गिअर बदलताना त्यातील १.०८ गमावतो. तरीही ०.९ शिल्लक राहतात. बदलाला सुमारे ०.५४ सेकंद लागले तर शिल्लक शून्य होते. याचा अर्थ असा की ज्याचा हात अर्ध्या सेकंदाच्या आत काम करतो त्याने दुसऱ्यातच सुटावे. ज्याचा हात त्याहून मंद आहे, किंवा दोन्ही बाजूंना गाड्या पाहून बिचकणार आहे, त्याने तिसऱ्यात सुटण्यात कमीपणा मानू नये. पट्टीने गिअर बदलणाऱ्याला हा विचारच करावा लागत नाही.

चुकलेला गिअर :

वरील गणित सर्व काही सुरळीत झाले तरचे आहे. दांड्याच्या गिअरबॉक्समध्ये हात खाच चुकतो, तिसऱ्याऐवजी गाडी न्यूट्रलमध्ये राहते आणि एक सेकंद जातो. उघड्या ट्रॅकवर याची किंमत एक-दोन जागा इतकीच. चालत्या प्रारंभात मागे दोन रांगा नाकाला शेपूट लावून त्वरण घेत असतात. त्या एका सेकंदात मागची गाडी १.८ मीटर जवळ येते आणि सेकंदाच्या शेवटी दोन्ही गाड्यांच्या वेगांत ताशी १३ कि.मी.चा फरक पडलेला असतो. मागच्या चालकाला पुढची गाडी मंदावली हे कळायलाच अर्धा सेकंद लागतो, कारण पुढच्याने ब्रेक लावलेला नसतो आणि मागचे लाल दिवे पेटत नाहीत. उभ्या प्रारंभात बंद पडलेली गाडी निदान जागच्या जागी असते.

खाली येतानाही धोका आहे. चौथ्यातून तिसऱ्यात जायचे ते चुकून पहिल्यात गेले, तर चाके इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात आणि इंजिन मोडते. संगणकाने नियंत्रित केलेला गिअरबॉक्स असा बदल नाकारतो. हौशी चालकांना गाड्या विकणाऱ्या कारखान्यांनी हस्तचलित गिअरबॉक्स सोडून देण्यामागे, माझ्या मते, वेगापेक्षा हेच कारण अधिक बळकट आहे.

स्वयंचलित यंत्राला न दिसणारी गोष्ट :

मग सर्वच काम यंत्रावर सोपवावे काय? येथे स्वयंचलित गिअरबॉक्सची खरी मर्यादा लक्षात येते.

रस्त्यावरील गाडीतील स्वयंचलित गिअरबॉक्स दोन गोष्टी पाहतो : गाडीचा वेग आणि उजव्या पायाचा दाब. चालत्या प्रारंभापूर्वी गाड्या संथ चाललेल्या असतात, पाय हलका असतो. यंत्र यावरून असा निष्कर्ष काढते की चालकाला घाई नाही, आणि ते गाडी चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये नेऊन ठेवते. हिरवा दिवा लागतो. चालक पाय पूर्ण दाबतो. आता यंत्र जागे होते, दोन गिअर खाली येते आणि मग जोर देते. यात अर्धा सेकंद गेला आणि त्या काळात अपेक्षित जोराचा निम्माच मिळाला, असे धरले तरी १.२५ मीटर प्रति सेकंद इतका वेग हुकतो. हस्तचलित चालकाने गिअर बदलताना जे १.०८ गमावले त्याहून हे जास्त आहे, आणि तेही शर्यतीच्या अगदी पहिल्या क्षणी.

दोष यंत्राच्या वेगाचा नाही. हिरवा दिवा आता लागणार आहे हे यंत्राला ठाऊक नसते. चालकाला ते ठाऊक असते, कारण तो पुढच्या गाडीकडे पाहत असतो, तिच्या इंजिनाचा आवाज ऐकत असतो आणि आघाडीचा चालक कोठे वेग धरील याचा अंदाज बांधत असतो. मागच्या रांगांत तर गाड्यांचा थवा हार्मोनियमच्या भात्यासारखा आकुंचन-प्रसरण पावत असतो. पुढच्यांनी किंचित वेग कमी केला की दहाव्या रांगेतील गाडीचा वेग ताशी ९० वरून ६० पर्यंतही येऊ शकतो. अशा वेळी दुसरा गिअर टिकवावा की पहिला घ्यावा, हा निर्णय पुढच्या दोन सेकंदांत काय घडणार आहे यावर अवलंबून असतो.

म्हणून ‘हस्तचलित की स्वयंचलित’ या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न मिसळलेले आहेत. गिअर कोणता आणि केव्हा, हे कोणी ठरवायचे? आणि ठरल्यावर तो बदलायचा कोणी? पहिल्या कामात चालक सरस आहे, दुसऱ्यात यंत्र. आजच्या बहुतेक शर्यतीच्या गाड्यांत हीच विभागणी दिसते. पट्टीवर बोट चालकाचे, बाकीचे श्रम यंत्राचे. अशा गाडीला हस्तचलित म्हणावे की स्वयंचलित, हा शब्दच्छल मला महत्त्वाचा वाटत नाही.

चॅपरलचा डावा पाय :

ही विभागणी संगणक येण्यापूर्वीच एका माणसाने करून पाहिली होती. अमेरिकेतील टेक्सास राज्यात मिडलंड येथे जिम हॉल आणि हॅप शार्प हे आपल्या चॅपरल गाड्या बनवीत. १९६४ पासून त्यांनी आपल्या गाडीला जनरल मोटर्सच्या अभियंत्यांच्या साहाय्याने टॉर्क कन्व्हर्टर बसविला. वृत्तपत्रांनी तिला ‘ऑटोमॅटिक’ म्हटले. प्रत्यक्षात गिअर चालकच दांड्याने बदलत असे. नाहीसा झाला होता तो फक्त क्लचचा पेडल. १९६५ मध्ये हॉल आणि शार्प यांनी सेब्रिंगची १२ तासांची शर्यत या गाडीने जिंकली. त्या दिवशी ट्रॅकवर गुडघाभर पाणी साचावे असा पाऊस झाला होता. पुढच्या वर्षी फिल हिल आणि यो बोनियर यांनी चॅपरलमधून न्यूरबर्गरिंगची १००० किलोमीटरची शर्यत जिंकली.

यातील मर्म वेगात नाही, डाव्या पायात आहे. क्लच गेल्यामुळे तो पाय रिकामा झाला. हॉलने त्याला काम दिले. १९६६ च्या चॅपरल २ई या गाडीवर मागे उंच खांबांवर एक मोठा पंख होता. तो एरवी गाडीला जमिनीकडे दाबून ठेवी. सरळ रस्त्यावर चालक डाव्या पायाने पेडल दाबे, पंख आडवा होई आणि हवेचा विरोध कमी होई. वळणापूर्वी पाय उचलला की पंख पुन्हा तिरपा. त्या वर्षी लागुना सेका येथील कॅन-ॲम शर्यतीत हिल पहिला आणि हॉल दुसरा आला. चालकाच्या हातापायांवरचा भार काढला तर तो पाय दुसऱ्या उपयुक्त कामाला लावता येतो, हे हॉलच्या आधी इतक्या स्पष्टपणे कोणी दाखविल्याचे माझ्या वाचनात नाही. तथापि, इंजिने मोठी होत गेली तसा हा गिअरबॉक्स तग धरीना. १९६७ च्या चॅपरल २एफ गाडीची ती दुखरी जागा ठरली.

दरम्यान युरोपात दांडाच राज्य करीत होता. ले मान्सला चालता प्रारंभ आला त्या १९७१ सालीच हेल्मुट मार्को आणि गिज्स व्हॅन लेनेप यांनी पोर्शे ९१७ या हस्तचलित गाडीने ५३३५ कि.मी. अंतर कापले, आणि तो विक्रम २०१० पर्यंत अबाधित राहिला.

दोन क्लचची कल्पना अडोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने १९३९ च्या सुमारास मांडली होती. पोर्शेने १९८० च्या दशकात ती ९५६ आणि ९६२ या गाड्यांवर आजमावली. १९८६ मध्ये मोंझा येथे हान्स स्टुक आणि डेरेक बेल यांनी अशा गिअरबॉक्सची ९६२ जिंकून दाखविली. पण तो जड होता. त्याच दोघांनी अल होल्बर्टसह १९८६ व १९८७ ची ले मान्स जिंकली ती हस्तचलित गिअरबॉक्सवर. १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागची पट्टी आणली आणि नायजेल मॅन्सेलने पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, विजय मिळविला. स्पोर्ट्स कारनी ती उचलायला वेळ घेतला. १९९५ ची ले मान्स जिंकणाऱ्या मॅकलॅरेन एफ१ जीटीआर गाडीत अजून दांडा आणि खाचा होत्या. १९९७ च्या त्याच नावाच्या गाडीत क्रमवार गिअरबॉक्स आला. २००० मध्ये जिंकलेल्या ऑडी आर८ मध्ये हवेच्या दाबावर चालणारी पट्टी होती.

फॉर्म्युला वनमध्ये २००१ ते २००३ या काळात पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स आणि संगणकाने नियंत्रित उभा प्रारंभ, दोन्हींना परवानगी होती. २००४ पासून ती काढून घेण्यात आली. हा वाद मुख्यतः शून्य वेगापासून सुटण्याचा होता. चालत्या प्रारंभाच्या शर्यतींना तो फारसा शिवलाच नाही.

रस्ता एक आणि ट्रॅक दुसरा :

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण पोर्शेच्याच दोन गाड्यांचे आहे. २०१३ मध्ये पोर्शेने ९११ जीटी३ ही रस्त्यावरची गाडी केवळ दोन क्लचच्या गिअरबॉक्ससह बाजारात आणली. हस्तचलित पर्याय ठेवलाच नाही. जाणकार ग्राहकांत मोठी नाराजी उमटली. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर ही केवळ हस्तचलित गाडी ९९१ नगांपुरती काढली आणि २०१७ मध्ये जीटी३ वर हस्तचलित पर्याय परत आला.

दुसरीकडे २०१५ ची केमन जीटी४ ही रस्त्यावरची गाडी केवळ हस्तचलित होती. तिच्यावरूनच तयार केलेली क्लबस्पोर्ट ही शर्यतीची गाडी मात्र केवळ दोन क्लचच्या गिअरबॉक्ससह मिळत असे. एकच कारखाना, एकच मूळ गाडी. जो ग्राहक रविवारी सकाळी घाटात गाडी घेऊन जाणार, त्याला दांडा. जो वीस-पंचवीस गाड्यांच्या गर्दीत हिरव्या दिव्याकडे पाहणार, त्याला पट्टी. पहिल्याला गिअर बदलण्याची क्रिया हाच आनंद आहे. दुसऱ्याला ती अडचण आहे. हस्तचलित गिअरबॉक्सविषयीचे माझे प्रेम मी लपवीत नाही. पण शर्यतीच्या गाडीत त्याचा आग्रह धरणे म्हणजे शेजारच्या रांगेतील चालकाच्या जिवावर आपली आवड जोपासणे होय, असे मला वाटते.

टॉर्क कन्व्हर्टरही पुन्हा ट्रॅकवर आला आहे. २०२० पासूनच्या टोयोटा जीआर सुप्रा जीटी४ या गाडीत रस्त्यावरच्या सुप्रासारखाच टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स आहे. अशा आधुनिक गिअरबॉक्समध्ये गाडी एकदा चालू लागली की एक क्लच दोन्ही पंख्यांना एकमेकांशी घट्ट जखडून टाकतो. द्रव आत असतो, पण त्याला काम उरत नाही. चालकाची बोटे पट्टीवर असतात आणि शर्यतीचे सॉफ्टवेअर त्याचा गिअर परस्पर बदलत नाही.

पहिले वळण :

चालत्या प्रारंभाचा शेवट हिरव्या दिव्यापाशी होत नाही, पहिल्या वळणाच्या ब्रेकपाशी होतो. तेथे हस्तचलित गाडीच्या चालकाला एकाच वेळी उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक दाबायचा, त्याच पायाच्या कडेने इंजिनाचे फेरे वाढवायचे, डाव्या पायाने क्लच सांभाळायचा आणि एक हात स्टिअरिंगवरून काढून दांड्यावर न्यायचा असतो. हे सर्व डावी-उजवीकडे वीतभर अंतरावर गाड्या असताना. चौथ्यातून दुसऱ्यात यायचे तर तो हात दोनदा तरी सुटतो. शेजारच्याने नेमक्या त्या क्षणी बाजू घासली तर गाडी सावरायला एकच हात असतो.

पट्टीवाल्या चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात आणि नजर आरशात जायला मोकळी असते. त्याच्यापुढे एकच प्रश्न उरतो : आतल्या बाजूने येणाऱ्याला जागा द्यावी की नाही?